विश्लेषण : उजव्या हाताची बास गिटार डावखुऱ्याच्या गळ्यात तोल का सोडते?

डावखुऱ्या वादकाने नेहमीची, म्हणजे उजव्या हाताने छेडायची बास गिटार उलटी करून गळ्यात अडकवली आणि दोन्ही हात क्षणभर सोडले, की बहुतेक वेळा एकच गोष्ट घडते. गिटारची मान हळूहळू जमिनीकडे झुकते. वादक नकळत उजव्या हाताने ती वर उचलून धरतो आणि तसाच वाजवत राहतो. पण डावखुऱ्याच्या बाबतीत तारा दाबण्याचे काम याच हाताचे असते. वजन पेलायचे आणि सूरही धरायचा, अशी दुहेरी हमाली त्याच्या वाट्याला येते. तासाभराच्या सरावाने अंगठा आणि मनगट भरून येते. दोष मात्र ‘हात अजून बसला नाही’ म्हणून वादकाला दिला जातो. प्रत्यक्षात तो पट्टा अडकवण्याच्या एका छोट्या बटणाच्या जागेत असतो.

उजव्या हाताची गिटार घ्यावीच का लागते?

वाद्यांच्या दुकानात भिंतीवर टांगलेल्या गिटारींमध्ये डावखुरी बास क्वचित दिसते. मागवली तर पर्याय मोजके आणि थांबण्याची तयारी हवी. शिवाय शिकायला सुरुवात होते ती मोठ्या भावाच्या, कॉलेजच्या बँडमधल्या किंवा मित्राच्या गिटारवर, आणि ती उजव्या हाताचीच असते. ‘बीटल्स’चे पॉल मॅकार्टनी यांनीही आपल्या पहिल्या गिटारच्या तारा उलट क्रमाने लावूनच हात बसवला. जिमी हेंड्रिक्स तर उजव्या हाताची स्ट्रॅटोकास्टर उलटी करून जगभर गाजले. त्यामुळे उलटी गिटार ही काही कमीपणाची गोष्ट नाही. पण हेंड्रिक्स यांची गिटार साडेपंचवीस इंच स्केलची होती. बासचे प्रचलित स्केल, म्हणजे नटपासून ब्रिजपर्यंत तारेचा कंप पावणारा भाग, 34 इंचांचे असते. मान लांब, तारा जाड, त्या ताणणाऱ्या खुंट्याही मोठ्या. साध्या गिटारला जे खपून जाते, ते बासला खपत नाही.

मुळात तोल कशावर अवलंबून असतो?

लिओ फेंडर यांनी 1951 मध्ये प्रिसिजन बास बाजारात आणली. उभ्याने वाजवायच्या अवाढव्य डबल बासऐवजी गळ्यात अडकवता येईल असे वाद्य, ही कल्पना. तिच्या धडाला मानेच्या दोन्ही बाजूंना शिंगे आहेत. वरचे लांब, खालचे आखूड. हे लांब शिंग दिसायला देखणे आहेच, पण त्याचे खरे काम वेगळे. त्याच्या टोकावर पट्ट्याचे बटण असते आणि ते साधारण बाराव्या फ्रेटच्या जवळपास, म्हणजे मानेच्या बरेच पुढे येते.

कावडीचा दांडा खांद्यावर नेमक्या जागी टेकला, तर दोन्हीकडचे हंडे समतोल राहतात. दांडा वीतभर सरकला, की एक बाजू खाली जाते. बासचेही तसेच. मान आणि खुंट्या एका बाजूला, धड आणि ब्रिज दुसऱ्या बाजूला. गिटार बोटावर आडवी तोलून पाहिली, तर तिचा तोलबिंदू मान धडाला मिळते त्याच्या आसपास सापडतो. पट्ट्याचे पुढचे बटण या बिंदूपासून मानेच्या दिशेने जितके पुढे, तितकी गिटार स्थिर. बटण तोलबिंदूच्या जवळ आले, की मानेला वर धरणारे काही उरत नाही. वादकांच्या भाषेत यालाच ‘नेक डाइव्ह’ म्हणतात.

आता हीच गिटार उलटी करा. लांब शिंग खाली गेले आणि आखूड शिंग वर आले. बटण आखूड शिंगावर लावावे लागते आणि त्या शिंगाचे टोक सोळाव्या-सतराव्या फ्रेटच्या आसपास संपते. 34 इंच स्केलवर बारावा फ्रेट नटपासून बरोबर 17 इंचांवर असतो, सतरावा सुमारे सव्वाएकवीस इंचांवर. म्हणजे टेकू साधारण चार इंचांनी मागे सरकला. मॉडेलनुसार हे अंतर थोडे कमी-जास्त होईल, पण चार किलोच्या आसपासच्या वाद्याला एवढा फरक पुरेसा असतो.

मग सारख्या शिंगांची गिटार घेतली तर?

मॅकार्टनी यांनी 1961 मध्ये हॅम्बुर्गला व्हायोलिनच्या आकाराची हॉफनर बास घेतली. दोन्ही बाजूंनी सारखी असल्याने ती डाव्या हातात विचित्र दिसत नव्हती, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. ब्लूज गिटारवादक अल्बर्ट किंग यांनी याच न्यायाने बाणाच्या आकाराची फ्लाइंग व्ही आपलीशी केली. सममित वाद्य उलटे केले तरी टेकूची जागा बदलत नाही, हा फायदा खराच. पण ‘सममित म्हणजे तोल चांगला’ असे समीकरण मांडू नये. गिब्सनच्या एसजी आकाराच्या बास दोन्ही शिंगांनी जवळपास सारख्या, तरी उजव्या हातातही त्यांची मान खाली जाते. कारण तेच. बटण मानेच्या मुळाशी, तोलबिंदूच्या अगदी जवळ.

उपाय कोणता आधी करावा?

बरेच जण सुरुवात रुंद पट्ट्यापासून करतात. आतून खरखरीत चामडे असलेला तीन इंच रुंदीचा पट्टा खांद्यावरून घसरत नाही आणि घर्षणाने मान थोपवून धरतो. स्वस्त आणि चटकन होणारा उपाय आहे, पण तोल त्याने सुधारत नाही, फक्त झाकला जातो. सुती किंवा घामाने निसरड्या झालेल्या शर्टवर तो पुन्हा उघडा पडतो.

खरी दुरुस्ती बटणाची जागा पुढे नेण्यात आहे. आखूड शिंगावर बटण लावल्यावरही मान झुकत असेल, तर शिंगाला अ‍ॅल्युमिनियमची जाड पट्टी दोन स्क्रूंनी बसवून ती तीन-चार इंच पुढे काढायची आणि बटण तिच्या टोकाला लावायचे. हरवलेले लांब शिंग असे परत मिळवता येते. दिसायला जुगाडच, पण प्रेक्षकांना दुरून कळतही नाही. पट्टीची धार मात्र घासून गोल करायला हवी, नाहीतर वरच्या फ्रेटवर जाणारा हात तिला घासतो. दुसरा मार्ग अ‍ॅकॉस्टिक गिटारसारखा. पट्ट्याचे पुढचे टोक दोरीने थेट नटपलीकडे, डोक्याशी बांधायचे. मान अजिबात खाली जात नाही. तोटा असा, की पहिल्या दोन-तीन फ्रेटवर हाताच्या आड पट्टा येतो आणि काहींना ते सहन होत नाही. मानेच्या मुळाशी, मागच्या बाजूला बटण लावण्याचा सल्लाही मिळतो. तो टाळलेला बरा. तेथे टेकू पुढे जात नाहीच, उलट गिटार छातीपासून पुढे कलंडते.

लाकडाला छिद्र पाडण्यापूर्वी पट्टा मजबूत दोरीने नियोजित जागी बांधून, उभे राहून, दोन्ही हात सोडून पाहावे. पाच मिनिटांची ही चाचणी न करता ड्रिल चालवणाऱ्यांच्या गिटारींवर तीन-तीन छिद्रे दिसतात. छिद्र स्क्रूपेक्षा बारीक हवे आणि स्क्रूला थोडे मेण लावले तर कडक लाकूड चिरत नाही.

वजन वाढवायचे की घटवायचे?

जागा बदलूनही थोडी झुक उरली, तरच वजनाकडे वळावे. येथेही तरफेचा हिशेब कामी येतो. खुंट्या तोलबिंदूपासून साधारण 65 सेंटिमीटरवर असतात, तर धडाचे मागचे टोक 38 सेंटिमीटरच्या आसपास. जुन्या घडणीच्या मोठ्या खुंट्या काढून हलक्या बसवल्या आणि डोक्याकडचे 150 ग्रॅम कमी झाले, तर तो परिणाम मागच्या टोकाला अडीचशे ग्रॅम शिसे बांधण्याइतका असतो. शिवाय शिसे खांद्याला पेलावे लागते, हलक्या खुंट्या तो भार कमी करतात. डोकेच नसलेल्या बास, नेड स्टाइनबर्गर यांनी लोकप्रिय केलेल्या, याच तर्काचे टोक आहेत. त्यांच्या खुंट्या ब्रिजकडे असतात.

तारा उलट लावल्या तर तोलात फरक पडतो?

तोलात नाही, पण बाकी बरेच काही बदलते. प्रचलित संचात सर्वात जाड तार 0.105 इंचाची आणि सर्वात बारीक 0.045 इंचाची असते. बारीक तारेच्या खाचेत जाड तार बसत नाही आणि जाड तारेच्या खाचेत बारीक तार खडखडते. म्हणून नट नवा कापावा लागतो. ब्रिजवर प्रत्येक तारेची लांबी पुन्हा जुळवावी लागते. प्रिसिजन बासचा पिकअप दोन तुकड्यांत विभागलेला असतो आणि जाड तारांचा तुकडा मानेकडे सरकवलेला असतो. उलट्या गिटारवर जाड तारा ब्रिजजवळच्या तुकड्यावरून जातात. त्यामुळे त्यांचा आवाज थोडा आटोपशीर, कडक येतो, तर बारीक तारा भरदार वाटतात. अनेकांना हा बदल आवडतोही.

तारा न बदलताच वाजवणारेही आहेत. ‘यलोजॅकेट्स’चे माजी बासवादक जिमी हॅसलिप त्यांपैकी एक. जाड तार जमिनीकडे ठेवूनच त्यांनी आपली शैली घडवली. नट आणि ब्रिजचा खर्च वाचतो, मात्र डाव्या अंगठ्याने जाड तारेवर ठोके देण्याचे तंत्र नव्याने बसवावे लागते.

नॉब आणि वायरीचा जॅक आता वरच्या बाजूला, कोपराखाली येतात. वाजवताना आवाज आपोआप कमी-जास्त होत असेल, तर आधी तेथे पाहावे. मानेच्या कडेवरचे ठिपकेही जमिनीकडे तोंड करतात. बाजारातून छोटे चिकट ठिपके आणून दुसऱ्या कडेला लावले, की मान वाकवून फ्रेट शोधावे लागत नाहीत.