खेळण्यातल्या ट्रॅक्टरचाही सातबारा असतो. भंगारात देण्याआधी त्याच्यावरचं नाव वाचा

दिवाळीची साफसफाई निघाली की माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली येते. त्यात फुटका कंदील, बंद पडलेला रेडिओ आणि तळाशी एखादा तळहातावर मावेल एवढा धातूचा ट्रॅक्टर. रंग उडालेला, एक चाक गायब. आजोबांचा की काकांचा, कुणालाच नक्की सांगता येत नाही. भंगारवाला दारात उभाच असतो. बाकीच्या सामानाबरोबर ट्रॅक्टरही काट्यावर चढतो आणि किलोच्या भावाने जातो.

अशाच ट्रॅक्टरांची इंग्लंड-अमेरिकेत वही ठेवली जाते. कारखाना कोणता, साल कोणतं, रंग मूळचा की नंतर मारलेला, कुणाच्या घरातून आला, हे सगळं त्या वहीत असतं. जमिनीचा सातबारा असावा तशी एकेका खेळण्याची नोंद. शेतीची आणि लष्करी वाहनांची जुनी खेळणी जमवणारे लोक खेळण्याइतकंच या नोंदीला जपतात. कारण नोंद गेली की हातात उरतो तो नुसता धातूचा तुकडा.

ट्रॅक्टर आणि रणगाडा एकाच संचात

लिव्हरपूल शहरात फ्रँक हॉर्नबी यांची मेकॅनो नावाची कंपनी होती. भोकं पाडलेल्या पट्ट्या आणि नट-बोल्ट जोडून क्रेन, पूल बनवायचा खेळ त्यांचाच. त्यांच्या खेळण्यातल्या आगगाड्याही प्रसिद्ध होत्या. त्या आगगाडीच्या स्टेशनाशेजारी मांडायला म्हणून 1933 च्या अखेरीस कंपनीने सहा छोट्या गाड्यांचा संच काढला. त्यात दोन मोटारी, एक ट्रक, एक डिलिव्हरी व्हॅन, एक ट्रॅक्टर आणि एक रणगाडा होता. पुढच्या वर्षी या गाड्यांना ‘डिंकी टॉइज’ हे नाव मिळालं आणि पुढची पंचेचाळीस वर्षं ते चाललं. लिव्हरपूलचा कारखाना 1979 मध्ये बंद पडला.

पहिल्याच संचात ट्रॅक्टर आणि रणगाडा शेजारी शेजारी असणं तसं योग्यच होतं. खरा रणगाडाही शेतीच्या अवजारांच्या कारखान्यातूनच बाहेर आला. पहिल्या महायुद्धात, 1915 साली, ब्रिटिशांचा पहिला रणगाडा लिंकन शहरातल्या विल्यम फॉस्टर कंपनीने बनवला. ही कंपनी मुळात मळणी यंत्रं आणि ट्रॅक्टर बनवणारी. चिखलात रुतू नये म्हणून ट्रॅक्टरला पट्ट्याची चाकं लावायची कल्पना आधी शेतीत आली, तोफा-बंदुका नंतर बसल्या.

मॅसीचं नाव कधी बदललं?

आपल्याकडे मॅसी ट्रॅक्टर माहीत नाही असा शेतकरी सापडणं अवघड. चेन्नईची टॅफे कंपनी 1960 मध्ये स्थापन झाली आणि मॅसी फर्ग्युसन भारतात घरोघर पोचला. पण मॅसी आणि फर्ग्युसन ही आधी दोन वेगळी घराणी होती. कॅनडाची मॅसी-हॅरिस कंपनी आणि हॅरी फर्ग्युसन यांची कंपनी 1953 मध्ये एक झाली. सुरुवातीला मॅसी-हॅरिस-फर्ग्युसन असं लांबलचक नाव होतं, 1958 मध्ये हॅरिस गळालं आणि मॅसी फर्ग्युसन उरलं.

आता डिंकीचा खेळण्यातला ट्रॅक्टर बघा. तो 1948 मध्ये निघाला तेव्हा नाव मॅसी-हॅरिस, अंग लाल, चाकं पिवळी आणि नंबर 27 ए. पुढे 1954 मध्ये कंपनीने सगळ्या खेळण्यांचे नंबर नव्याने पाडले, तेव्हा तोच ट्रॅक्टर 300 नंबरचा झाला. गावात एकत्रीकरण झालं आणि जुन्या सर्व्हे नंबरचा गट नंबर झाला, तसाच हा प्रकार. जमीन तीच, नंबर नवा. नव्या पद्धतीत साधारण 300 च्या घरात शेतीची वाहनं आणि अवजारं, 600 च्या घरात लष्करी गाड्या. शेणखत पसरवायच्या यंत्राचा नंबर 321 होता. हो, शेणखत पसरवायचंही खेळणं होतं, आणि मुलं ते ट्रॅक्टरला जोडून ओढत.

खेळण्यावरचं नाव मात्र 1966 च्या सुमाराला बदलून मॅसी फर्ग्युसन झालं. म्हणजे खरी कंपनी बदलल्यावर आठ वर्षांनी! शिवाय सुरुवातीच्या ट्रॅक्टरवर बसलेला चालक धातूचा होता, नंतर तो निळ्या प्लास्टिकचा झाला. आता हातात ट्रॅक्टर आला की जाणकार माणूस आधी नाव वाचतो, मग चालक बघतो. नाव हॅरिस आणि चालक प्लास्टिकचा, तर तो मधल्या काळातला. नाव फर्ग्युसन आणि चालक धातूचा असेल, तर कुणीतरी दुसऱ्या ट्रॅक्टरचा माणूस काढून इथे बसवला असा संशय घ्यायला जागा आहे. खरेदीखत एकाचं आणि कब्जा दुसऱ्याचा असला की तलाठ्याच्या कपाळावर आठी येते, तशी इथे संग्राहकाच्या येते.

फौजी गाड्या आणि आपलं नगर

लष्करी खेळण्यांमध्ये जोडी आणि संचाला महत्त्व. डिंकीच्या 25 पाउंडर तोफेचा नंबर 686, मागच्या दारूगोळ्याच्या ट्रेलरचा 687, आणि दोन्ही ओढणाऱ्या गाडीचा 688. तोफ ओढणाऱ्या या गाडीलाही इंग्रज ट्रॅक्टरच म्हणत. तिन्ही एकत्र 697 नंबरच्या संचात मिळत. खरी 25 पाउंडर तोफ भारतीय तोफखान्यानेही अनेक वर्षं वापरली. ज्यांच्या घरातलं कुणी तोफखान्यात होतं त्यांना हे नाव नवं नाही.

डिंकीचा 651 नंबरचा सेंच्युरियन रणगाडा 1954 मध्ये बाजारात आला. या रणगाड्याचं आपल्याशी नातं मोठं आहे. फिल्लोराच्या लढाईत, 1965 मध्ये, पूना हॉर्सचे लेफ्टनंट कर्नल ए. बी. तारापोर सेंच्युरियनमधून लढले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. त्याच रेजिमेंटचे, पुण्यात जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल 1971 मध्ये बसंतरच्या लढाईत सेंच्युरियनमध्येच शहीद झाले. त्यांनाही परमवीर चक्र. सेंच्युरियन केवढा असतो ते बघायचं तर लांब जायची गरज नाही, आपल्या नगरच्या टँक म्युझियममध्ये तो उभा आहे. हे म्युझियम 1994 मध्ये सुरू झालं. खेळण्याच्या शेजारी खऱ्या रणगाड्याचा फोटो वहीत चिकटवला की मुलांना माप लगेच कळतं.

मापावरून आठवलं. जुन्या शेती खेळण्यांवर 1:16, 1:32 असे आकडे दिसतात. 1:16 म्हणजे खरा ट्रॅक्टर 16 फूट लांब असेल तर खेळणं 1 फुटाचं. अमेरिकेत हे मोठं माप जास्त चालतं, आणि त्याचं श्रेय बरंचसं फ्रेड अर्टल या माणसाला जातं. आयोवा राज्यातल्या डुब्यूक गावी 1945 मध्ये त्याने राहत्या घराच्या तळघरात खेळण्यातले ट्रॅक्टर ओतायला सुरुवात केली. धातू कुठला, तर युद्धातल्या विमानांचे अॅल्युमिनियमचे पिस्टन वितळवून! लढाईचं भंगार, त्याचा ट्रॅक्टर. पुढे ट्रॅक्टर कंपन्यांची परवानगी घेऊन हुबेहूब खेळणी बनू लागली आणि ती ट्रॅक्टरच्या शोरूममध्येच विकली जायची. बाप ट्रॅक्टर बघायला गेला की पोरगं खेळण्यासाठी हट्ट धरणार, हे कंपन्यांनी बरोबर ओळखलं होतं. अर्टलची कंपनी नंतर शेजारच्या डायर्सव्हिल या छोट्या गावात गेली. तिथे आज शेतीच्या खेळण्यांचं स्वतंत्र राष्ट्रीय म्युझियम आहे.

भारतातही या गोष्टीचा एक धागा आहे. साठच्या दशकाच्या शेवटी डिंकीचे काही जुने साचे कोलकात्याला आले. तिथे त्याच साच्यांतून ‘निकी टॉइज’ नावाने गाड्या निघाल्या. साचा इंग्लंडचा, माल भारताचा. त्यामुळे गाडीच्या पोटाखाली डिंकीऐवजी निकी लिहिलेलं दिसलं तर लगेच डुप्लिकेट म्हणून फेकू नका. परदेशातले लोक या भारतीय गाड्या मुद्दाम शोधतात.

वही कशी ठेवायची

यासाठी कॉम्प्युटर लागत नाही. शंभर पानी वही आणि मोबाईलचा कॅमेरा पुरतो. एका खेळण्याला एक पान. नमुन्यादाखल एक नोंद अशी होईल:

“नोंद 7. ट्रॅक्टर, मॅसी-हॅरिस. डिंकी टॉइज, इंग्लंड. नंबर दिसत नाही. धातू. लाल रंग मूळचा वाटतो, बॉनेटवर टवके. चाकं पिवळी, पुढचं डावं नाही. चालक धातूचा. खोकं नाही. मोठ्या आत्याच्या पेटीत सापडला. आत्या म्हणतात, त्यांचे सासरे मुंबईला गोदीत होते, त्यांनी आणला. साल आठवत नाही.”

यातली शेवटची तीन वाक्यं सगळ्यात मोलाची. बाकीचं पुढेही कुणी खेळणं बघून लिहू शकतं, आत्यांची आठवण मात्र आत्ताच लिहावी लागते. आणि “साल आठवत नाही” हेही लिहायचं. अंदाजाने 1950 ठोकून दिलं की पुढचा माणूस ते खरं धरून चालतो.

नोंदीचा नंबर खेळण्यावर पेनाने लिहू नका, चिकटपट्टीही लावू नका. ती काढताना रंग घेऊन येते. कागदाच्या तुकड्यावर पेन्सिलीने लिहून दोऱ्याने बांधा. फोटो दोन्ही बाजूंचे, पोटाखालचा आणि शेजारी पट्टी ठेवून एक, असे काढा. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोत बारीक अक्षरं पुसट होतात, म्हणून मूळ फोटो वेगळे जपा.

सगळ्यात मोठी चूक चांगल्या हेतूनेच होते. पोळ्याला बैल रंगवतात तसा ट्रॅक्टरही ऑइलपेंट मारून नवा केला जातो. बैलाला रंग शोभतो, पण जुन्या खेळण्याची त्यात ओळखच जाते. टवके उडालेला मूळ रंग हा नव्या चकचकीत रंगापेक्षा केव्हाही किमती. रॉकेल नको, भांडी घासायची पावडर नको. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटकायची, बस्स. फाटकं का असेना, मूळ खोकं असेल तर तेही टाकू नका. सेलवर चालणारं खेळणं असेल तर जुने सेल आधी काढा, ते गळले की आतला पत्रा खाऊन टाकतात.

काही रोगांवर इलाजच नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या बऱ्याच डिंकी गाड्या जस्ताच्या मिश्रधातूच्या आहेत. ओतताना त्यात शिशाचा अगदी थोडा अंश मिसळला गेला असेल तर धातू आतून फुगतो, बारीक भेगा पडतात आणि बिस्किटासारखा त्याचा भुगा होतो. त्याला जस्ताची कीड म्हणतात. दमट हवेत ती वेगाने वाढते, म्हणून गाडी कोरड्या जागी ठेवायची आणि शक्य तितकी कमी हाताळायची. एवढंच आपल्या हातात.

शिशाची खेळणी ही वेगळी आणि गंभीर गोष्ट. ब्रिटन्स या इंग्लिश कंपनीने पहिल्या महायुद्धानंतर शेतकरी, गायी, घोडागाडी, पुढे ट्रॅक्टर अशी शेतघराची खेळणी बनवली, त्यातली बरीच पोकळ शिशाची होती. कंपनीचे शिशाचे सैनिकही तसेच. शिशाचं काम 1966 पर्यंत चाललं. जुन्या रंगातही शिसं असतं. अशी वस्तू लहान मुलांच्या हातात अजिबात देऊ नका, ती तोंडात घालतात. जड, मऊ, नखाने ओरखडा उठेल असा राखाडी धातू दिसला, किंवा त्यावर पांढरी भुकटी धरलेली असली, तर ती घासू नका, फुंकू नका. बंद डब्यात ठेवा आणि हात साबणाने धुवा.

विकायचं ठरलंच तर एक लक्षात असू द्या. “जुनी नाणी द्या, लाखो रुपये घ्या” म्हणत आधी फी मागणाऱ्या टोळ्यांबद्दल रिझर्व्ह बँकेने 2021 मध्ये लोकांना सावध केलं होतं. तीच युक्ती जुन्या खेळण्यांवरही चालू शकते. खरा घेणारा पोटाखालचा फोटो मागतो, चालक धातूचा आहे का विचारतो, चाकं मोजतो. रजिस्ट्रेशनचे पैसे आणि ओटीपी मागणारा यातलं काहीच विचारत नाही.