निळ्याचं अल्पायुष्य

मोबाइलच्या ओएलईडी पडद्यात सगळ्यात आधी थकतो तो निळा रंग. निळ्या प्रकाशाला ऊर्जा जास्त लागते, आणि तीच पडद्यातल्या प्रकाश देणाऱ्या सेंद्रिय रेणूंचे बंध तोडते. त्यात यवतमाळचा मे महिना आणि गाडीत काचेमागे तापत ठेवलेला फोन. मग विचारायलाच नको.

कार्यक्षमतेचं दुखणं वेगळं. साध्या सेंद्रिय द्रव्यात विजेने उत्तेजित झालेल्या अवस्थांपैकी सुमारे २५ टक्केच उजेड देतात, बाकीची ऊर्जा उष्णतेत जाते. रेणूत इरिडियमसारखा जड धातू बसवला की उरलेल्याही कामी येतात. लाल-हिरव्यात हे जमलं, निळा मात्र अजून दाद देत नाही. नागपूर विद्यापीठातल्या संजय ढोबळे यांनी सहकाऱ्यांसह लाल प्रकाशासाठी युरोपियमची संयुगं अभ्यासली. ओएलईडीवरचं त्यांचं सहलेखनातलं इंग्रजी पुस्तक २०१७ साली आलं. निळ्यावर तोड म्हणून कारखानदार तूर्त पडद्यातला निळा ठिपका आकाराने मोठा ठेवतात, म्हणजे त्याच्यावर विजेचा ताण कमी पडतो.