पाच सुरांच्या बिगुलापासून बारा मिनिटांच्या नाट्यापर्यंत

मागच्या ऑगस्टमध्ये आम्ही दोघं मुलीकडे इंडियानापोलिसला होतो. नात सतरा वर्षांची. शाळेच्या बँडमध्ये मेलोफोन नावाचं पितळी वाद्य वाजवते. एका शनिवारी तिने जाहीर केलं, "आजोबा, आज तुम्हाला ड्रम कोअरची फायनल दाखवायची आहे." स्पेलिंग 'कॉर्प्स'चं, उच्चार 'कोअर', हा पहिला धडा तिने गाडीतच दिला.

मी इंदूरच्या शाळेत एनसीसीत बिगुल वाजवलेला माणूस. दर २९ जानेवारीला टीव्हीवर बीटिंग रिट्रीट चुकवत नाही. त्यामुळे कडक इस्त्रीचे गणवेश, सरळ रांगा आणि बिगुल-ढोल अशी तयारी मनात ठेवून मी लुकास ऑइल स्टेडियममध्ये बसलो. समोर जे दिसलं ते भलतंच. मैदानावर मोठमोठे उतार आणि चौकटी, मुलांच्या अंगावर नाटकासारखे पोशाख, डोक्यावर टोप्या नाहीत, पुढे सिंथेसायझर आणि स्पीकर. मुलं वाजवता वाजवता धावत होती, लोळत होती, नाचत होती. सूर इतके भरदार की छातीत हादरे बसावेत. सगळं थक्क करणारं होतं, पण मी बायकोच्या कानात विचारलंच, "हा बँड आहे की नाटक?"

नातीने ते ऐकलं. घरी आल्यावर पुढचे आठ दिवस तिने मला जुनी चित्रणं दाखवली, मीही थोडं वाचलं. त्यातून कळलेली गोष्ट आपल्या वाचकांना सांगाविशी वाटली.

सैनिकांनी सुरू केलेला खेळ

पहिलं महायुद्ध संपलं आणि घरी परतलेल्या सैनिकांनी १९१९ मध्ये 'अमेरिकन लीजन' ही संघटना उभी केली. गावोगावच्या शाखांनी बिगुल आणि ढोल घेऊन पथकं बांधली. १९२१ पासून लीजनच्या राष्ट्रीय अधिवेशनात त्यांच्या स्पर्धा होऊ लागल्या. पुढे चर्च, स्काउट, पोलिसांची क्रीडामंडळं यांनी मुलांची पथकं काढली. संध्याकाळी रस्त्यावर उनाडणाऱ्या पोरांना काहीतरी काम मिळावं, हाही त्यामागे हेतू होता.

बिगुलाला बटणं नसतात. नळी एकच, तिची लांबी ठरलेली. त्यामुळे ओठांच्या दाबाने निघतात ते मोजके सूर. आपल्या भाषेत सांगायचं तर सा, प, वरचा सा, त्यावरचा ग आणि प. या पाच सुरांत सैन्याच्या सगळ्या हाका बसतात, पण गाणं बसत नाही. रे, म, ध, नी आणायचे कुठून? म्हणून बिगुलाला आधी एक झडप बसली, मग अनेक वर्षांनी दुसरी, आणि १९९० मध्ये तिसरी. तीन झडपा म्हणजे सगळे सूर. २००० मध्ये तर बिगुलाची 'जी' पट्टीची अटही गेली आणि कुठल्याही पट्टीची पितळी वाद्यं चालू लागली. झडप वाढली की वाजवता येणारं संगीत वाढलं, आणि संगीत वाढलं की मैदानावर सांगता येणारी गोष्टही वाढली. पाच सुरांवर वाढलेल्या माझ्यासारख्याला हे लगेच पटलं.

चुका मोजणारे परीक्षक

जुन्या स्पर्धांचे नियम लष्करी होते. मैदानाच्या एका टोकाच्या रेषेवरून निघायचं, दुसऱ्या टोकाने बाहेर पडायचं. मध्ये राष्ट्रध्वजाला मानवंदना हवीच. परीक्षक हातात पाटी घेऊन रांगांमधून फिरत. कुणाचं पाऊल चुकलं, टिपरी उशिरा पडली, सूर घसरला, की एक खूण आणि एक दशांश गुण वजा. याला 'टिक' पद्धत म्हणत.

यातून शिस्त जबरदस्त आली, पण तोटाही झाला. चुकीला शिक्षा आणि धाडसाला बक्षीस नाही, अशी व्यवस्था असली की माणूस सोपंच निवडतो. आपल्याकडच्या परीक्षांचं उदाहरण वेगळं द्यायला नको. १९८४ पासून टिक पद्धत गेली आणि परीक्षक गुण वजा करण्याऐवजी जमा करू लागले. आज शंभरपैकी चाळीस गुण एकूण परिणामाला, तीस दृश्याला आणि तीस संगीताला असतात. काय करून दाखवलं याला भाव आला, आणि संयोजनाचं रूपच पालटलं.

१९७१ चं बंड

पण त्याआधी एक बंड झालं होतं. नियम संघटना ठरवत, बक्षिसाची रक्कमही संघटनाच ठरवत, आणि पथकांना त्यात आवाज नव्हता. १९७१ मध्ये वायोमिंगच्या ट्रूपर्सचे जिम जोन्स, शिकागोच्या कॅव्हेलियर्सचे डॉन वॉरन आणि इतर पथकप्रमुख एकत्र आले. त्यातून 'ड्रम कोअर इंटरनॅशनल' म्हणजे डीसीआय जन्मली. १९७२ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटर गावी तिची पहिली स्पर्धा झाली आणि कॅलिफोर्नियाच्या अ‍ॅनाहाइम किंग्जमेनने ती जिंकली.

व्हिएतनाम युद्धाचे ते दिवस. १९७१ मध्येच न्यू जर्सीच्या गारफील्ड कॅडेट्सनी मैदानावर माणसांच्या रांगांतून शांततेचं चिन्ह काढलं. त्याच मोसमात कॅव्हेलियर्स सर्कस घेऊन आले, तर मॅडिसन स्काउट्स 'अ‍ॅलिस इन वंडरलँड'. सैनिकांनी सुरू केलेल्या खेळात मुलं आता स्वतःचं काही म्हणू लागली होती.

रेषा वाकल्या

अमेरिकन फुटबॉलचं मैदान शंभर यार्डांचं, दर पाच यार्डांवर पांढरी रेघ. या पाच यार्डांत आठ पावलं, म्हणजे एक पाऊल साडेबावीस इंचांचं. हे मोजमाप पायात इतकं भिनवतात की मुलं खाली न बघता जागेवर पोचतात. पूर्वी या रेघांवर चौकोनी, दोन्ही बाजूंना सारख्या आकृत्या होत. १९८० च्या आसपास जॉर्ज झिंगाली या संयोजकाने आकृत्या वाकवल्या. वळणदार, तिरक्या आणि सतत बदलणाऱ्या रचना आल्या. एक आकृती पुरी व्हायच्या आत तिच्यातून दुसरी निघायची. हे काम घेऊन गारफील्ड कॅडेट्स १९८३, १९८४ आणि १९८५ असे सलग तीनदा जिंकले.

वाद्यांतल्या सुधारणांचाही यात हात आहे. ढोल पूर्वी खांद्यावरच्या पट्ट्याला तिरका लटकायचा आणि चालताना मांडीवर आपटायचा. खांद्यावर बसणारी धातूची चौकट आली, ढोल समोर स्थिर झाला आणि पाय मोकळे झाले. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मोठी तालवाद्यं जमिनीवर पुढे ठेवायची मुभा मिळाली, आणि मारिंबा, झायलोफोन, टिंपनी यांचा एक छोटा वाद्यवृंदच समोर उभा राहिला. त्याला ते 'पिट' म्हणतात. दशकाच्या शेवटी केव्हलर धाग्याची पानं आली. ती इतकी ताणता येतात की ढोलाचा प्रत्येक ठोका वेगळा, टणक ऐकू येतो. ताशा शेकोटीवर धरून तापवणाऱ्यांना ताणाचं महत्त्व समजावून सांगायला नको.

हुर्यो आणि टोनी

मला सगळ्यात भावली ती १९९३ ची गोष्ट. इंडियानाच्याच ब्लूमिंग्टन गावचं 'स्टार ऑफ इंडियाना' हे पथक १९८५ मध्ये मैदानात उतरलं आणि १९९१ मध्ये विजेतं झालं. १९९३ मध्ये त्यांनी बार्बर आणि बार्टोक या संगीतकारांच्या अवघड, कोरड्या वाटणाऱ्या रचना निवडल्या. टाळ्या घेणाऱ्या जागा कमी, शांतता आणि ताण जास्त. काही प्रेक्षकांनी चक्क हुर्यो उडवली. मिसिसिपीतल्या जॅक्सन शहरी झालेल्या अंतिम फेरीत ते कॅडेट्सकडून अवघ्या एका दशांश गुणाने हरले.

त्या मोसमानंतर स्टारने स्पर्धाच सोडली. त्याच मंडळींनी पुढे 'ब्लास्ट!' हा रंगमंचीय कार्यक्रम उभारला. तो १९९९ मध्ये लंडनला आला, मग न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर, आणि २००१ मध्ये त्याला टोनी पुरस्कार मिळाला. नातीने ते १९९३ चं चित्रण मला दोनदा दाखवलं. पहिल्यांदा मलाही फारसं कळलं नाही. दुसऱ्यांदा मी पूर्ण बारा मिनिटं गप्प बसलो. आजच्या कित्येक पथकांच्या हालचालींत त्याच प्रयोगाच्या खुणा दिसतात, हे तिने मग बोट ठेवून दाखवलं.

मायक्रोफोन आले, भांडणंही आली

२००४ पासून पिटला मायक्रोफोन आणि २००९ पासून सिंथेसायझर चालू लागले. जुन्या लोकांनी कपाळाला हात लावला. ज्या कलेत माणसाची फुप्फुसं आणि मनगटं हेच भांडवल, तिथे विजेचं काय काम, असा त्यांचा प्रश्न. तो खोटा नाही. मी ऐकलेल्या एका कार्यक्रमात स्पीकरच्या घुमण्याने पितळी वाद्यांचा गोडवा झाकला गेला, असं मलाही वाटलं. पण ओहायोतल्या कँटनच्या ब्लूकोट्सनी २०१४ च्या 'टिल्ट'मध्ये सगळे सूर एकदम घसरत नेले. सतारीच्या मिंडेची आठवण व्हावी असं ते घसरणं, आणि त्यात वीज आणि श्वास वेगळे काढताच येत नाहीत. याच पथकाने २०१६ मध्ये घसरगुंड्यांसारखे मोठे उतार मैदानावर आणले आणि पहिलं विजेतेपद मिळवलं. तेव्हापासून लष्करी टोप्या झपाट्याने मागे पडल्या.

हिशोब

इथवर नात खूश होती. मग मुलगी कागद-पेन घेऊन बसली. नातीला येत्या हिवाळ्यात एका मोठ्या पथकाच्या निवड चाचणीला बसायचं होतं, आणि खरा पेच तिथे होता.

मोठ्या पथकाची वर्गणी आज पाच हजार डॉलरच्या वर जाते. मे महिन्यात सराव शिबिर, मग ऑगस्टपर्यंत देशभर बसचा प्रवास, रात्री शाळांच्या व्यायामशाळेत जमिनीवर झोप, दिवसभर उन्हात सराव. या उन्हाळ्यात पगार नाही, उलट पैसे भरायचे. आणि बावीस वर्षांचे झालात की बाहेर. एके काळी लीजनची शाखा किंवा चर्च खर्च उचलायचं आणि गल्लीतली पोरं वाजवायची. तेव्हा शेकडो पथकं होती, आज मोठ्या स्पर्धेत काही डझन उरली आहेत. कला जितकी उंच गेली, तितका उंबराही वर गेला.

दुसरी काळजी पैशांपेक्षा मोठी. १९३४ पासून चालत आलेलं कॅडेट्स पथक २०२४ मध्ये दिवाळखोरीत निघून बंद झालं. लैंगिक गैरवर्तनाच्या तक्रारी, त्यातून आलेले दावे आणि पैशांची ओढाताण, असं ते ओझं होतं. मुलीने स्पष्ट विचारलं, "बाबा, तीन महिने पोरीला कुणाच्या भरवशावर पाठवायचं?" तिचं काहीच चुकत नव्हतं.

मला मात्र आपलं इंदूर आठवत होतं. अनंत चतुर्दशीच्या झांक्या गिरण्यांनी सुरू केल्या. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली, भोंगा थांबला, पण कामगारांनी वर्गणी काढून झांकी काढायचं सोडलं नाही. बैलगाडी गेली, ट्रॉली आली. दिवे गेले, एलईडी आले. लहानपणी पाहिलेली ती झांकी आता राहिली नाही, असं मी दरवर्षी कुरकुरतो आणि दरवर्षी रात्री जागून पाहायला जातो. मग या मुलांना 'हा बँड आहे की नाटक' विचारणारा मी कोण?

शेवटी तोडगा निघाला. नातीने चाचणीला बसायचं. निवड झाली तर अर्धी वर्गणी ती शनिवार-रविवारच्या नोकरीतून भरेल, उरलेली आई-वडील. आणि पैसे भरण्याआधी मुलगी-जावई त्या पथकाच्या शिबिरात जातील. मुलांच्या सुरक्षेचे नियम काय, तक्रार कुणाकडे करायची, रात्री मुलांजवळ कोण असतं, हे समोरासमोर विचारतील. उत्तरं पटली नाहीत तर नाही. नात जरा कुरकुरली, पण मानली.

निघायच्या आदल्या संध्याकाळी तिने मेलोफोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "बटणं न दाबता वाजवून बघा." पन्नास वर्षांनी ओठ लावले. पहिल्यांदा नुसती हवा निघाली, मग सा लागला आणि पाठोपाठ प. वरच्या ग पर्यंत काही पोचलो नाही. तिने वाद्य परत घेतलं, झडपा दाबल्या आणि मधले सगळे सूर एका दमात वाजवून दाखवले.

चाचणी डिसेंबरमध्ये आहे.