पडदा सुकण्याचा आजार, कुटुंब आणि जनुकांचा शोध : गैरसमज आणि वस्तुस्थिती

रेटिनायटिस पिग्मेंटोसा हा दृष्टिपटलाचा, म्हणजे पडद्याचा, आनुवंशिक आजार. जगात साधारण चार हजारांत एकाला तो होतो. पडद्यातील दंडपेशी आधी मरतात, म्हणून सुरुवात रातांधळेपणाने होते. पुढे बाजूचे दिसेनासे होते. माणूस चौकटीला, उभ्या सायकलीला धडकू लागतो. समोरची अक्षरे मात्र बरीच वर्षे वाचता येतात, आणि म्हणूनच घरच्यांना तो सोंग करतो असे वाटते. या आजाराभोवतीचा हा सर्वांत क्रूर गैरसमज.

रातांधळेपणा म्हटले की गाजर आणि पालेभाज्या सुचवल्या जातात. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावाने आलेला रातांधळेपणा त्या जीवनसत्त्वाच्या मात्रेने सुधारतो. जनुकातील दोषाने मेलेल्या पेशी त्याने परत येत नाहीत. मनाने घेतलेल्या मोठ्या मात्रांनी यकृताला इजा होते.

दोष आईवर ढकलण्याची सवय त्याहून जुनी. गरोदरपणी ग्रहणात विळी हातात घेतली, किंवा नवरा-बायकोचा रक्तगट एकच आहे, अशी कारणे आजही सांगितली जातात. दोन्हींचा या आजाराशी काडीचा संबंध नाही.

‘आमच्या घराण्यात कुणालाच नाही, मग आनुवंशिक कसा?’ हा प्रश्न मात्र रास्त आहे. अप्रभावी प्रकारात आई आणि वडील दोघांकडे दोषी जनुकाची एकेक प्रत असते आणि दोघांचीही नजर चांगली असते. दोन्ही दोषी प्रती मुलाकडे आल्या तरच आजार होतो. ती शक्यता दर खेपेला चारात एक असते. एक मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन सुरक्षित, हा हिशेब चुकीचा आहे. काही प्रकारांत दोष एक्स गुणसूत्रावर असतो आणि झळ मुख्यतः मुलग्यांना बसते. तेव्हाही आईने ती प्रत निवडून दिलेली नसते.

नात्यातल्या लग्नांबद्दलही असेच गैरसमज आहेत. सोलापुरात मराठी, कन्नड आणि तेलुगू घरे शेजारी नांदतात. मामाच्या मुलीशी लग्न अनेक घरांत रूढ आहे, काही घरांत मामा-भाचीचेही. मामाचे कूळ वेगळे, गोत्र वेगळे, म्हणजे रक्ताचे नाते जवळचे नाही, असे मानले जाते. गोत्र बापाच्या बाजूने मोजतात. जनुके दोन्हीकडून येतात. आते-मामे भावंडांत आठवा हिस्सा जनुके समान असतात, मामा-भाचीत चौथा. तरी अशा प्रत्येक लग्नातून आजारी मूल होते, हेही खरे नाही. कोणत्याही जोडप्याच्या बाळात जन्मजात दोषाची शक्यता दोन-तीन टक्के असते. सख्ख्या आते-मामे भावंडांच्या लग्नात तीत साधारण तितकीच भर पडते. घरात आधीच रुग्ण असेल तर मात्र धोका बराच वाढतो, आणि लग्नाआधी समुपदेशन तिथे खरोखर उपयोगी पडते.

अशा आनुवंशिक आजारांवरील संशोधनाचे पद म्हणजे डोळे तपासण्याची नोकरी, अशी समजूत आढळते. हैदराबादची एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था, चेन्नईचे शंकर नेत्रालय, मदुराईचे अरविंद यांसारख्या संस्थांत या पदांवर बहुधा जीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान शिकलेले तरुण असतात. रुग्ण तपासतात ते नेत्रतज्ज्ञ. संशोधकाचे काम कागद-पेन्सिलीने घराण्याची वंशावळ काढण्यापासून सुरू होते. पुरुषाला चौकोन, स्त्रीला वर्तुळ, आजारी व्यक्तीची खूण काळी भरलेली, नात्यातल्या लग्नाला दुहेरी रेघ. दुसऱ्या बायकोची मुले किंवा लहानपणी गेलेले भावंड सांगायचे राहिले तर निष्कर्ष चुकतो, म्हणून घरातल्या म्हाताऱ्या माणसाची आठवण यंत्राइतकीच मोलाची ठरते. त्यानंतर काही मिलिलिटर रक्त घेऊन त्यातून डीएनए वेगळा करतात आणि त्याचा क्रम वाचतात. दृष्टिपटलाच्या आनुवंशिक आजारांशी जोडलेली जनुके अडीचशेहून अधिक आहेत. संशयित बदल आजारी भावंडांत आहे का आणि निरोगी माणसांत कसा आहे, हे ताडून पाहावे लागते.

तरीही बऱ्याच कुटुंबांत कारण सापडत नाही. ‘दोष आढळला नाही’ याचा अर्थ आजार आनुवंशिक नाही असा होत नाही. संशोधनासाठी रक्त देणे हा उपचार नव्हे. त्याला लेखी संमती लागते आणि ती मागे घेता येते.

डोळा बदलून मिळत नाही. नेत्रदानातून बसवतात ते पारपटल, आणि या आजारात बिघडतो तो मागचा पडदा. डिसेंबर 2017 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले लक्सटर्ना हे जनुकीय औषध केवळ आरपीई65 जनुकाच्या दोन्ही प्रती दोषी असलेल्यांसाठी आहे, तेही पडद्यात पुरेशा जिवंत पेशी उरल्या असतील तर.

समोरचे दिसते म्हणून अपंगत्वाचे प्रमाणपत्र मिळणार नाही, असे समजून अनेक जण अर्जच करत नाहीत. 2016 च्या दिव्यांग कायद्यात दृष्टीचे क्षेत्रही मोजले जाते : 40 अंशांपेक्षा कमी असेल तर अल्पदृष्टी, 10 अंशांपेक्षा कमी असेल तर अंधत्व. त्यासाठी अक्षरांच्या तक्त्याबरोबर दृष्टिक्षेत्राची तपासणी करून घ्यावी लागते.