भुयारातला न दिसणारा वायू

जळगाव जिल्ह्यातल्या जामनेरच्या पायाखाली काळा कातळ आहे. लाव्हा थिजून झालेल्या या बेसाल्टात मिथेन हा ज्वालाग्राही वायू सहसा साठत नाही. मुंबईची आरे ते कफ परेड ही ३३.५ किलोमीटरची भुयारी मेट्रोही बहुतांशी ज्वालामुखीय खडकांतून गेली.

लॉस एंजेलिस मात्र तेल-वायूच्या साठ्यांवर वसलंय. २४ जून १९७१ रोजी तिथल्या सिल्मारमध्ये पाण्याचा बोगदा खोदताना स्फोट झाला आणि १७ कामगार दगावले. १९८५ मध्ये फेअरफॅक्स भागात एका दुकानात वायूचा भडका उडाला, तेव्हा तिथल्या भुयारी मेट्रोला केंद्राचा निधी देण्यास मनाई झाली. बोगद्याचं काम सुरक्षितपणे होऊ शकतं, असा निर्वाळा तज्ज्ञांनी २००५ मध्ये दिला.

कसं? हवेत ५ ते १५ टक्के मिथेन असला की स्फोटाला एक ठिणगी पुरते. म्हणून अमेरिकी नियमानुसार १ टक्क्यालाच माणसं बाहेर काढतात. खोदयंत्र पुढची माती दाबून धरतं, मागे रबरी पट्ट्या लावलेले काँक्रीटचे तुकडे घट्ट बसवतं. मोठे पंखे सतत ताजी हवा ढकलतात.

न दिसणाऱ्या वायूपासून बचावाचं हे शास्त्र जामनेरच्या शेतकऱ्यालाही हवं. जुन्या विहिरीच्या तळाशी हवेपेक्षा जड कार्बन डायऑक्साइड साचतो, ऑक्सिजन घटतो. गाळ काढण्याआधी वायुमापकाने हवा तपासावी, पंख्याने खेळती करावी, दोर बांधूनच उतरावं. खाली कुणी कोसळलं, तर त्याच्यामागे उडी न घेता अग्निशमन दलाला बोलवावं.