न चावणारा व्हॅम्पायर

काळ्याभोर मुखपृष्ठावर दोन फिकट हात आणि त्यांच्या ओंजळीत एक लालबुंद सफरचंद. अमेरिकन लेखिका स्टेफनी मायर यांची 'ट्वायलाइट' ही कादंबरी ऑक्टोबर २००५ मध्ये बाजारात आली तेव्हा तिच्या मुखपृष्ठावर सुळे नव्हते, वटवाघूळ नव्हते, रक्ताचा थेंबही नव्हता. पुस्तक मात्र व्हॅम्पायरचे होते; म्हणजे मेल्यावरही न मेलेल्या आणि जिवंत माणसांचे रक्त पिऊन राहणाऱ्या पिशाचाचे. पाठोपाठ 'न्यू मून' (२००६), 'इक्लिप्स' (२००७) आणि 'ब्रेकिंग डॉन' (२००८) हे भाग आले. अखेरच्या भागाच्या तेरा लाख प्रती एकट्या अमेरिकेत पहिल्याच दिवशी, २ ऑगस्ट २००८ रोजी, खपल्या. मालिकेची जगभरातील विक्री दहा कोटी प्रतींच्या पुढे गेली. वाचकांत बहुसंख्य होत्या किशोरवयीन मुली. आणि थोड्याच दिवसांत, मुलींच्या हातातले पुस्तक चोरून चाळता चाळता त्यात गुंतलेल्या त्यांच्या आया.

पंधरा वर्षांच्या मुलीला रक्त पिणाऱ्या प्रेताच्या प्रेमात पडावेसे का वाटते? वडीलधारी मंडळी हा प्रश्न बहुधा याच शब्दांत विचारतात आणि म्हणूनच त्यांना उत्तर सापडत नाही. कारण या मुली ज्या गोष्टीत रमल्या तिच्यात रक्त पिणे फारसे नाहीच. तिच्यात आहे ते रक्त न पिणे.

मायर ॲरिझोनात राहणाऱ्या, मॉर्मन पंथाच्या, तीन लहान मुलांच्या आई. २ जून २००३ च्या पहाटे पडलेल्या एका स्वप्नातून ही कथा सुचल्याचे त्यांनी सांगितले आहे. रानातल्या मोकळ्या हिरवळीवर एक साधीसुधी मुलगी आणि उन्हात लखलखणारा एक देखणा तरुण बोलत उभे आहेत. तो व्हॅम्पायर आहे. त्याचे तिच्यावर प्रेम आहे आणि तिच्या रक्ताच्या वासाने त्याला तिथल्या तिथे तिचा जीव घेण्याचा मोह होतो आहे. तो स्वतःला आवरतो आहे. पुढची हजारो पाने म्हणजे या एका प्रसंगाचा विस्तार आहे, असे म्हटले तरी चालेल.

कथानक तसे सरळ आहे. आईवडील विभक्त झालेली सतरा वर्षांची बेला स्वान उन्हाच्या फीनिक्समधून वॉशिंग्टन राज्यातल्या फोर्क्स या गावी वडिलांकडे राहायला येते. फोर्क्स खरोखरच नकाशावर आहे. साडेतीन हजारांच्या आसपास वस्ती, लाकूडतोडीवर वाढलेले, बारमाही पावसाचे. मायर यांनी अमेरिकेतला सर्वाधिक पावसाचा प्रदेश इंटरनेटवर शोधला आणि तिथे हे गाव हाती लागले. कादंबरी लिहिताना त्यांनी ते पाहिलेलेही नव्हते. नव्या शाळेतल्या पहिल्याच दिवशी जीवशास्त्राच्या तासाला बेलाच्या शेजारी एडवर्ड कलन बसतो आणि संपूर्ण तास बाकाच्या टोकाला अंग चोरून, मूठ आवळून, तिच्याकडे चवताळल्यासारखे पाहत राहतो. बेलाला वाटते, आपले काहीतरी चुकले असावे. नव्या वर्गात पाय टाकलेल्या कोणत्या मुलीला असे वाटलेले नसते? शंभर पाने उलटल्यावर कळते की, ती चवताळलेली नजर तिरस्काराची नव्हतीच. अख्ख्या शाळेत त्याला तिच्याएवढे हवेसे दुसरे काही नव्हते.

ही कलाटणी या मालिकेचे खरे मर्म आहे. आपण सामान्य आहोत, धडपड्या आहोत, कोणाच्या नजरेत न भरणाऱ्या आहोत, असे मानणाऱ्या मुलीला कादंबरी सांगते की, जी नजर तुला टाकून देणारी वाटली तीच तुझ्यावाचून तडफडत होती. पुरुषाचे तुसडे वागणे म्हणजे दडपलेले प्रेम, ही युक्ती प्रेमकथांना नवी नाही. अमेरिकन अभ्यासक जॅनिस रॅडवे यांनी 'रीडिंग द रोमान्स' या १९८४ च्या ग्रंथात, एका छोट्या शहरातल्या गृहिणी प्रणयकादंबऱ्या कशा वाचतात याचा शोध घेतला होता. नायकाच्या आरंभीच्या कठोरपणाचा अर्थ शेवटाकडून मागे पाहून लावायचा आणि तो प्रेमाच्या खात्यावर जमा करायचा, ही वाचनाची रीत त्यांना तिथे आढळली. मायर यांनी तिला एक भक्कम कारण पुरवले. एडवर्ड तुटक वागतो कारण जवळ आला तर तो खरोखरच जीव घेईल. मानवी नायकाला इतकी सबळ सबब मिळणे कठीण.

व्हॅम्पायर प्रियकर झाला तो काही रातोरात नव्हे. १८१६ च्या उन्हाळ्यात कवी बायरन, शेली व त्याची भावी पत्नी आणि बायरनचा तरुण डॉक्टर जॉन पॉलिडोरी जिनिव्हा सरोवराकाठी जमले होते. तिथे भुताच्या गोष्टी रचण्याची जी पैज लागली तिच्यातून 'फ्रँकेनस्टाइन' जन्मले, हे सर्वश्रुत आहे. त्याच बैठकीचे दुसरे अपत्य म्हणजे पॉलिडोरीची 'द व्हॅम्पायर' (१८१९). तोवर खेडवळ लोककथांतले फुगलेले, मातकट प्रेत असलेला व्हॅम्पायर या गोष्टीत प्रथमच सरदार बनून मेजवान्यांना येऊ लागला. आयरिश लेखक शेरिडन ले फानू यांच्या 'कार्मिला'त (१८७२) एकाकी तरुण मुलीच्या सहवासाला आसुसलेली व्हॅम्पायर स्त्री आहे. किशोरींच्या आजच्या कादंबऱ्यांची खरी पणजी तीच म्हणावी लागेल. ब्रॅम स्टोकर यांचा 'ड्रॅक्युला' (१८९७) या सर्वांवर छाया धरून बसला. पण तो बोलत नाही. म्हणजे सारी कादंबरी इतरांच्या रोजनिशा-पत्रांतून उलगडते, त्याची बाजू त्याच्या तोंडून येत नाही. ॲन राइस यांनी १९७६ साली 'इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर'मध्ये त्याला पत्रकारासमोर बसवून बोलते केले आणि त्याला सद्सद्विवेकाची टोचणी दिली. राइस यांची लहान मुलगी १९७२ मध्ये ल्युकेमियाने गेली होती; त्यांच्या कादंबरीतली क्लॉडिया कायमची बालिकाच राहते. एल. जे. स्मिथ यांच्या 'द व्हॅम्पायर डायरीज'ने १९९१ मध्येच या पिशाचाला अमेरिकन हायस्कुलात दाखल केले होते. मायर यांना पाटी कोरी मिळाली नव्हती.

त्यांच्यावर सर्वाधिक चेष्टा ओढवली ती उन्हात हिऱ्यासारख्या चमकणाऱ्या व्हॅम्पायरमुळे. 'खरा' व्हॅम्पायर उन्हात जळून खाक होतो, असा आक्षेप जाणकारांनी मोठ्या तावातावाने घेतला. गंमत अशी की, स्टोकर यांचा ड्रॅक्युला भरदिवसा लंडनमध्ये हिंडतो. सूर्यप्रकाशाने त्याचा अंत होतो ही कल्पना १९२२ च्या 'नोस्फेराटू' या जर्मन मूकपटाने रूढ केली.

चेष्टेमागे आणखी एक गोष्ट होती. मुलींना जे भरभरून आवडते ते हलकेच असणार, हा समज जुना आहे. स्टीफन किंग यांनी २००९ साली एका मुलाखतीत मायर यांच्या लेखनकौशल्यावर कठोर ताशेरे ओढले. त्यातही त्यांनी एवढे मान्य केले की, या पुस्तकांतली ओढ मुलींना थरारक वाटते आणि ती उघड शारीरिक नसल्याने धास्तावणारी ठरत नाही. निरीक्षण अचूक असले तरी अपुरे आहे. कारण या मालिकेत अधीर कोण आहे, तर बेला. चुंबनासाठी झेपावते ती, आवरतो तो. देहसुख तिला लग्नाआधी हवे आहे. 'आधी लग्न' हा हट्ट त्याचा. पंधराव्या वर्षी घरातून, शाळेतून, शेजारून मुलीला एकच शिकवण मिळते : सांभाळण्याची जबाबदारी तुझी. मागणार मुलगा आणि नाही म्हणणार मुलगी, ही वाटणी ठरलेली. मायर यांनी ती उलटी केली. पहारा त्याच्या खांद्यावर दिल्यामुळे बेलाला निर्धास्तपणे इच्छा करता येते. ज्या वयात इच्छा हा शब्द मुलीच्या तोंडी शोभत नाही असे मानले जाते, त्या वयाच्या वाचकांना ही केवढी मोठी मोकळीक होती! हा संयम काढून घेतला की काय उरते, तेही पुढे दिसले. 'फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे' (२०११) या गाजलेल्या प्रौढांच्या कादंबरीची सुरुवात 'ट्वायलाइट'च्या एका चाहतीने त्याच पात्रांवर रचलेल्या कथेतूनच झाली होती.

दुसरे आकर्षण वयाचे. एडवर्ड १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत मरणाच्या दारात असताना व्हॅम्पायर झाला, तेव्हापासून तो सतराच वर्षांचा आहे. 'न्यू मून'ची सुरुवात बेलाच्या अठराव्या वाढदिवसाला होते. तिला स्वप्नात सुरकुतलेली आजी दिसते आणि मग ध्यानात येते की, ती आजी नसून आरशातली आपणच आहोत. शरीर रोज नव्याने परके होत जाण्याच्या वयात, कधीच न बदलणाऱ्या शरीराची ही असूया मुलींना कोणी समजावून सांगावी लागली नाही. त्याच भागात एडवर्ड तिला सोडून जातो. पुढची काही पाने जवळजवळ कोरी आहेत. त्यांवर फक्त महिन्यांची नावे आहेत, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी. मायर यांच्या वाक्यरचनेला नावे ठेवणाऱ्यांनीही ही पाने पाहावीत. पहिला प्रेमभंग झालेल्या मुलीचे चार महिने नेमके असेच जातात, आणि मोठी माणसे मात्र त्याला 'वयाचा परिणाम' म्हणून मोकळी होतात.

एवढे सगळे मान्य करूनही एक आक्षेप उरतो आणि तो वाऱ्यावर सोडण्याजोगा नाही. हाच संयमी एडवर्ड बेलाच्या नकळत तिच्या खोलीत शिरून रात्र रात्र तिला झोपलेली पाहत बसतो. 'इक्लिप्स'मध्ये ती जेकब या मित्राला भेटायला जाऊ नये म्हणून तिच्या ट्रकच्या इंजिनातला एक भाग काढून ठेवतो. कुठे जायचे, कोणाला भेटायचे, काय धोक्याचे आहे, हे तोच ठरवतो. हे सारे तिच्या काळजीपोटी. 'तुझ्या भल्यासाठीच सांगतोय' हे वाक्य ज्या घरांत रोज ऐकू येते त्या घरांतल्या मुलींना या प्रसंगात वावगे काही दिसले नसेल, तर दोष केवळ लेखिकेचा कसा मानावा? पण कथा त्या वागण्यावर प्रेमाची मोहोर उठवते, हे नाकारता येत नाही. स्वतःला आवरणारा पुरुष आणि प्रेयसीला आवरून धरणारा पुरुष, या दोहोंतली रेषा या पुस्तकांत वारंवार पुसली जाते. मायर यांना ही टीका झोंबली असावी. पहिल्या कादंबरीला दहा वर्षे झाली तेव्हा, २०१५ साली, त्यांनी 'लाइफ अँड डेथ' ही आवृत्ती काढली. तिच्यात व्हॅम्पायर मुलगी आणि संकटात सापडणारा मुलगा आहे. बेला अबला आहे ती स्त्री म्हणून नव्हे, माणूस म्हणून, हे त्यांना दाखवायचे होते. पुस्तक फारसे गाजले नाही.

मराठीत व्हॅम्पायरला नेमका प्रतिशब्द नाही. हडळ, मुंजा, समंध, झोटिंग अशी भुतांची भरगच्च जातवारी असूनही रक्तावर जगणारा देखणा सरदार आपल्याकडे नाही. रिचर्ड बर्टन यांनी वेताळपंचविशीतल्या कथा १८७० मध्ये इंग्रजीत आणल्या तेव्हा पुस्तकाला 'विक्रम अँड द व्हॅम्पायर' असे नाव दिले. पण आपला वेताळ प्रेतात शिरून कोडी घालतो, प्रेमात पडत नाही. त्याला प्रेमात पाडले ते पुढच्या पिढीने. २०१० मध्ये एकता कपूर यांच्या 'प्यार की ये एक कहानी' या हिंदी मालिकेने 'ट्वायलाइट'चा साचा देशी महाविद्यालयात आणला. २०२५ मध्ये आदित्य सरपोतदार यांच्या 'थामा' या हिंदी चित्रपटात तर रक्तपिपासू बेताळ ही नायिकाच आहे आणि तिच्यापायी माणूस असलेला नायक बेताळ होतो.

'ट्वायलाइट' एडवर्डच्या बाजूने सांगणारे 'मिडनाइट सन' हे पुस्तक मायर लिहीत होत्या, पण २००८ मध्ये त्याचा अपुरा मसुदा फुटला आणि त्यांनी काम थांबवले. ते अखेर ४ ऑगस्ट २०२० रोजी, कोरोनाच्या टाळेबंदीच्या काळात, प्रसिद्ध झाले आणि पहिल्या आठवड्यात उत्तर अमेरिकेत त्याच्या दहा लाख प्रती खपल्या. पूर्वी पंधराच्या असलेल्या वाचक आता तिशीच्या उंबरठ्यावर होत्या. कोणाला स्वतःची मुलगी झाली होती. पुस्तक उघडते ते पुन्हा शाळेतल्या त्याच पहिल्या दिवशी, आणि काही पानांतच जीवशास्त्राचा तो तास येतो. बेला आत येते, एडवर्ड मूठ आवळतो. या वेळी मात्र त्याच्या डोक्यात काय चालले आहे ते वाचकाला ऐकू येते. वर्गातल्या सगळ्यांना कोणत्या क्रमाने मारले म्हणजे शेवटी ती एकटी उरेल, याचा तो हिशेब करत असतो.