अज्जीची डबी कुठं आहे?

गेल्या दिवाळीत धारवाडहून सासूबाई आमच्याकडे बेळगावला आल्या. त्यांना कन्नडच येतं आणि आमच्या दोन्ही मुलांचं कन्नड शाळेच्या पुस्तकापुरतं. नमस्कार झाला, धारवाडी पेढे संपले आणि मुलं मोबाईलमध्ये शिरली. तिसऱ्या रात्री त्या माझ्या पत्नीला म्हणाल्या, ‘‘नाळे होगतीनि.’’ कॉलेजात भाषा शिकवणाऱ्या मला ते फार लागलं.

सकाळी मी त्यांच्या पानाच्या डब्यातली चुन्याची डबी मागून घेतली आणि एक जुना खेळ मांडला. इंग्रजांच्या घरांतून तो अंगुस्तानावर खेळत. सगळ्यांनी खोलीबाहेर जायचं. एकानं वस्तू अशी ठेवायची, की ती उघड्यावर असावी, पण चटकन नजरेत भरू नये. मग बाकीच्यांनी शोधायचं. ज्याला दिसेल त्यानं हात न लावता, काही न बोलता गुपचूप खाली बसायचं. शेवटी जो उभा राहील, त्याच्यावर राज्य. दुसरी तऱ्हा अशी, की लपवणाऱ्यानं ‘गार, कोमट, गरम’ म्हणत वाट दाखवायची.

आम्ही ही दुसरी तऱ्हा घेतली आणि एक नियम जोडला. अज्जी लपवणार, खुणा कन्नडमध्येच. ‘‘तण्णगे... तण्णगे... बेच्चगे... भाळ बिसी!’’ डबी निघाली टीव्हीशेजारच्या पणत्यांमध्ये. दुसऱ्या डावात मुलीला धीर धरवेना. ‘‘अज्जी, मेले की केळगे?’’ असं तिनं विचारलं. तिनं आपणहून विचारलेला तो पहिला कन्नड प्रश्न! मग अज्जींनी शोधायचं आणि मुलांनी मराठीत सांगायचं. ‘कोमट’ या शब्दावर त्या पोट धरून हसल्या. मध्येच मुलानं डब्यातल्या अडकित्त्याचं नाव घेतलं, तशी अज्जींनी हातातली सुपारी पुढे केली, ‘‘अडके!’’ मराठी अडकित्त्यात कन्नड सुपारी बसली आहे, हे मुलांना त्या दिवशी कळलं.

घरी खेळताना एवढं सांभाळा. खोली एकच ठेवा. वस्तू मुठीत मावणारी असावी, पण धारदार किंवा तान्ह्याच्या तोंडात जाईल अशी नको. आजी-आजोबांना वाकावं किंवा स्टुलावर चढावं लागेल, अशी जागा टाळा. चार जण असले तरी खेळ रंगतो. ज्या भाषेत मुलं कच्ची, त्या भाषेत खुणा द्या. चुकलं तर हसा, पण डाव थांबवून व्याकरण शिकवू नका. माझी ती खोड पत्नीनं डोळे वटारून थांबवली.

सासूबाई तुळशीच्या लग्नापर्यंत राहिल्या. मुलगा अजूनही फोनवर अज्जीशी चार वाक्यांपलीकडे जात नाही. पण त्यातलं एक ठरलेलं असतं, ‘‘अज्जी, डबी यल्लि?’’